हिरवा पट्टा

उपकेंद्राला चुना मारायला
पंचायतीने पतिराम नान्हेला बोलावलं.
तो आला तो बादलीबरोबर
हिरव्या रंगाचा एक डबा घेऊन.
"हे कशाला?"
"पट्टा पायजे सिस्टर. नाही तं कोणाले कसं समजन?"

वीस वर्षं तो नौदलात होता, औषधपाण्याच्या खात्यात.
धिवराचं पोर; तरावात डोंगा हाकणारं,
बांबू बुडवून सांगणारं : इथं कंबर, इथं गळा, इथं नको.
त्याचं जहाजही तेच करायचं म्हणे,
समुद्राची खोली मोजत फिरायचं.
मग ती लाट आली पलीकडच्या बेटांवर,
आणि चार दिवसांत
नकाशांची टेबलं उचलून तिथं खाटा ठोकल्या,
बोल्ट घालून.
खाट सरकली की सलाईन निघते.

तो शिडीवरून बोलतो,
अर्धं मला, अर्धं भिंतीला.
पहिले म्हणे लढून थकलेलं जहाज द्यायचे आजाऱ्यांना,
डोलकाठी मोडलेलं,
खुंट्याला बांधलेल्या म्हाताऱ्या हल्यासारखं.
मग घोडे नेणारी जहाजं आली.
घोडे उतरले
की त्याच लिदीवर पेंढा पसरून जखमी चढवायचे,
आणि जखमा पिकायच्या.
मग कुठल्याशा थंड देशात साहेब लोक बसले, कागदावर ठरलं :
पांढरं अंग, हिरवा पट्टा, लाल फुली.
तोफ नाही.
शत्रूचा माणूस सापडला तर त्यालाही तीच खाट, तेच पांघरूण.
"आन् रातच्याले दिवे लावाचे.
सारे जहाजं इझवून लपून ऱ्हायतेत,
हे एकटंच लखलख. मंडईसारखं."
"मग कोणी मारत नाही?"
"मारलं ना. कितीक बुडाले, दिवे चालू असताना."
ब्रश झटकून तो पुढच्या हाताला लागतो.

त्या मुलीचं मी त्याच्याकडून तीनदा ऐकलं.
तिसऱ्यांदा तिचं वय दोन वर्षांनी कमी झालं होतं.
पाण्याने तिचं घर नेलं, आई नेली, पाय मोडला,
आणि आमी तिले नेऊन ठेवलं कुठं, तो म्हणतो,
तं पाण्यावरच.
जहाज डुललं की ती किंचाळायची.
डॉक्टर झोपेचं इंजेक्शन लिहून गेला.
पतिरामने सुई भरली, आणि टोचली नाही.
खाली बसला, लोखंडावर तळहात टेकवला,
आणि रात्रभर आपल्या बोलीत सांगत राहिला :
तराव आहे माय, आपला तराव आहे,
हे पाय, कमरभर बी नाही.
समुद्र तिथं आठशे मीटर होता.
तिला त्याचं एक अक्षर कळत नव्हतं.
पहाटे ती झोपली की थकली, तो सांगत नाही.
भरलेल्या सुईचं काय केलं, तेही नाही.

संध्याकाळपर्यंत समोरची भिंत झाली, दोन्ही बाजू झाल्या.
कमरेच्या उंचीवर हिरवा पट्टा, जरासा वाकडा.
पोरं म्हणाली, दवाखान्याने करदोडा घातला.
डबा मागच्या कोपऱ्यावर संपला.
"राहू द्या," मी म्हणाले, "मागून कोण पाहते?"

पतिरामने मागे पाहिलं.
मागे तराव. पलीकडच्या टोलीवर एक ढिबरी.
रस्ता तुटला की अडलेल्या बाया तिकडूनच येतात, डोंग्यात.
मला हे ठाऊक आहे,
मीच गुडघाभर चिखलात उभी राहून त्यांना उतरवून घेतलंय.
तरी माझ्या तोंडून ते निघालं.

आठ वाजता लाइट गेली.
त्याने काही न बोलता माझी चार्जिंगची बत्ती उचलली,
विझवून काखेत धरली,
आणि मागच्या, बिनपट्ट्याच्या भिंतीवर
खिळा शोधू लागला,
अंधारात, बोटांनी.